आहेराचा कोरा टॉवेल

बाळांनो, क्षणभर असं समजा, की तुमच्या घरात एक लोखंडी कपाट आहे. त्याचं दार उघडताना कुरकुरतं आणि आतून डांबरगोळ्यांचा वास येतो. वरच्या कप्प्यात नवे कोरे टॉवेल एकावर एक रचून ठेवलेत. आता असंही समजा, की तुम्ही आंघोळ करून आलात, अंगावरून पाणी निथळतंय आणि दोरीवरचा टॉवेल कुणीतरी आधीच ओला करून ठेवलाय. तुम्ही त्या कप्प्याकडे हात नेता. काय होईल?

बरोबर. स्वयंपाकघरातून आवाज येईल, "हात लावू नगं! आहेराचा हाय त्यो!"

न्हावऱ्याच्या सोजराबाईंच्या घरात हा आवाज रोज यायचा. लग्न असो, बारसं असो, वास्तुशांत असो नाहीतर दुखवटा असो, आपल्याकडे पुरुष पाहुण्याला टॉवेल-टोपी दिल्याशिवाय कार्य पार पडत नाही. मिळालेली टॉवेल-टोपी कुणी वापरत नाही. ती कपाटात जाते आणि पुढच्या कार्यात दुसऱ्याच्या खांद्यावर पडते. त्यामुळे आपल्या भागात माणसांपेक्षा टॉवेलच जास्त गावं हिंडलेले असतात. पाण्याशी मात्र त्यांची कधी गाठ पडत नाही.

सोजराबाई तर या कामात फार काटेकोर. टॉवेलची घडी, तिच्यावर टोपी, आणि दोन्हींना मिळून जुन्या लुगड्याच्या लाल काठाची चिंधी. त्या चिंधीला त्या अशी गाठ मारायच्या, की ती सोडवायला दातच लागावेत. त्यांचे मालक आनंदराव, म्हणजे घरातले आबा, आंघोळीनंतर भोकं पडलेला जुना टॉवेल अंगाला लावत म्हणायचे, "आपल्या घरात पाव्हणं कोरडं आन् घरधनी वला!"

नात राजनंदिनी खुदकन हसायची. ती रोज रात्री आबा आणि आजी यांच्या मधे झोपायची. आबा गोष्ट सांगायचे आणि आजी गोष्टीतल्या चुका काढायची.

त्या वर्षी, दुसऱ्या लाटेच्या उन्हाळ्यात, राजनंदिनी दुसरीत होती. शाळा मोबाईलमध्ये गेली होती, आणि मोबाईल वडिलांच्या खिशात कारेगावला. तिचे वडील दत्ता तिथल्या एका कंपनीत कामाला होते. मग राजनंदिनीनं घरातच शाळा भरवली. आजी गोठ्यात गेल्याचं बघून तिनं कपाट उघडलं, आहेराचे टॉवेल काढले आणि ओळीनं भिंतीशी बसवले. प्रत्येकाच्या डोक्यावर टोपी होतीच. असे शहाणे विद्यार्थी कुठल्याच गुरुजींना कधी मिळाले नसतील. हिरव्या काठाचा, मोराच्या नक्षीचा एक टॉवेल सगळ्यांत हुशार म्हणून पुढच्या बाकावर बसला.

बाई, म्हणजे राजनंदिनीच, जांभळ्या स्केचपेननं पुठ्ठ्यावर फूल काढत होत्या. बाईंना सर्दी झाली होती. फुलाची शेवटची पाकळी काढताना बाईंचं नाक वाहू लागलं. रुमाल जवळ नव्हता आणि हातही जांभळे झालेले. बाईंनी पुढच्या बाकावरच्या विद्यार्थ्याचं एक टोक चिंधीखालून ओढलं, नाक पुसलं, आणि डाग दिसताच घाबरून ते टोक पुन्हा घडीत आत दडपून टाकलं. वरून काहीच कळत नव्हतं. शाळा लगेच सुटली आणि सगळे विद्यार्थी कपाटात गेले.

इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. पण त्याच संध्याकाळी आजीचे धाकटे भाऊ सर्जेराव वरवंडहून आले. मुलाचं लग्न ठरलं होतं. आजी हरखली. "आता माज्या भावाला रिकाम्या खांद्यानं कसं धाडू?" म्हणत तिनं कपाट उघडलं. हात कुठल्या टॉवेलवर पडला असेल?

राजनंदिनी दाराआडून बघत राहिली. हिरवा काठ सर्जेरावांच्या खांद्यावर बसला. त्यांनी आजीच्या पायांना हात लावला, आबांना कडकडून मिठी मारली आणि ते गाडीला किक मारून गेले. राजनंदिनीला सांगायचं होतं. पण आजी रागावेल, या भीतीनं ती दाराआडून बाहेरच आली नाही.

लग्न मोजक्या माणसांत झालं. आबाही गेले होते. पाहुण्यांना न्यायला न्हावऱ्यातल्या दूध डेअरीच्या पोपटची जीप होती. दुसऱ्या दिवशी पोपट आबांजवळ ओट्यावर बसून सांगत होता, "वरवंडकर लई दिलदार माणूस. डायवरला बी टावेल-टोपी दिली!" त्याच्या काखेत हिरवा काठ दिसला. "आता माज्या दौंडच्या साडूच्या पोरीचं बारसं हाय. तिकडं देऊन टाकतो."

नंतर फोन येत गेले. आधी वरवंडचा : सर्जेरावांना ताप. मग पोपटच्या बायकोची हाक : "ह्यांना कशाचाच वास येईना!" मग दौंडचे साडू. टॉवेल ज्या वाटेनं गेला, त्याच वाटेनं आजार गेला. निदान राजनंदिनीला तरी तसंच दिसलं. शाळेत बाईंनी शिकवलं होतं, की शिंकताना, खोकताना नाकावर रुमाल धरावा, नाहीतर रोग पसरतो. तिनं तर स्वतःचं नाक टॉवेलात बांधून गावोगाव पाठवलं होतं.

आणि मग आबांना खोकला सुरू झाला.

शिरूरला जागा मिळाली नाही. दौंडला एक खाट मिळाली. रुग्णवाहिका दारात आली, तेव्हा आबा स्वतःच्या पायांनी चालत गेले. मधेच थांबून म्हणाले, "अगं, कपाटातला एक टावेल दे की. तिथं चार लोकांत ह्यो फाटका कसा दावू?"

आजी तोंडावरचा पदर आवळत म्हणाली, "दवाखान्यात कशाला कोरा? त्यो काय माघारी येतोय व्हय? ह्योच न्या."

आबा हसले. जुना टॉवेल खांद्यावर टाकून त्यांनी राजनंदिनीकडे बघितलं. "बघितलंस का, नंदे? पाव्हणं कोरडं!"

ती हसली नाही. आबा परत आले नाहीत. जुना टॉवेलही आला नाही.

दुखवट्याला कुणी येऊ शकलं नाही. ज्या घरानं उभ्या तालुक्याला टॉवेल-टोपी वाटली, त्या घरी त्या दिवसांत एकही टॉवेल आला नाही. कपाट उघडायचं कारणच पडलं नाही.

त्यानंतर राजनंदिनी आजीजवळ झोपेनाशी झाली. भिंतीकडे तोंड करून ती दूर, दाराशी अंथरूण घालायची. नाक चोंदलं की तोंडाला मास्क लावून दिवसभर गोठ्यामागे बसायची. सहावीत गेली तरी तेच. आजी एकदा तिच्या आईला, शितलला, हळूच म्हणाली, "पोरीला माज्या अंगाचा वास येत आसंल गं. म्हातारं माणूस मी." आणि त्या दिवसापासून आजी दोनदा आंघोळ करू लागली. राजनंदिनीनं हे ऐकलं होतं. तरीही तिनं तोंड उघडलं नाही, कारण खरं कारण त्याहून वाईट होतं.

यंदा आबांचं चौथं पुण्यस्मरण होतं. दारात मांडव पडला. कीर्तन झालं, फुलं पडली, पंगती उठल्या. मग मंडळी पान जुळवत टेकली. त्या उन्हाळ्याची माणसं एकत्र बसली, की बोलणं फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतं : तुम्हाला कुठनं झाला?

"मला तर तपासणीच्या रांगेत झाला," पोपट म्हणाला. "रांगेत हुबा ऱ्हायस्तवर मी ठणठणीत हुतो."

"मग ठणठणीत माणूस रांगेत कशापायी गेला?" सर्जेरावांनी विचारलं.

"बायकू म्हनली वास येतोय का बघा. म्या म्हनलं, कशाचा? तिथंच घोटाळा झाला." पोपटनं सुस्कारा सोडला. "वास आजून पुरता आला न्हाई, मामा. मागल्या महिन्यात नासक्या दुधाचा अख्खा कॅन घेतला. गावानं त्या दिवशी चहा न्हाई, पनीर पिलं!"

मांडव हसला.

"आमचं येगळं," सर्जेराव म्हणाले. "आमच्याकडं पुण्याचं पाव्हणं आलं हुतं, एसी गाडीतनं. त्या गाडीत बसलो आन् गार वारं लागलं. आमचा जरा हाय-फाय कोविड हुता. तवापसनं ध्यानातच काय ऱ्हात न्हाई बघा. परवा व्याह्याचं नाव इसरलो. त्यालाच इचारलं, आपलं नाव काय म्हनलं पाव्हणं?"

"जेवलेलं बरं ध्यानात ऱ्हातं!" आजी आतून म्हणाली.

"ते डाक्टरनंच सांगितलंय आक्का, दोनदा जेवा म्हनून."

पुन्हा हशा. दत्ता मात्र हसला नाही. तो मांडवाच्या खांबाला टेकून खाली बघत होता. राजनंदिनी त्याच्याजवळ पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, तीही हसली नाही.

"बरं, आहेर उरकू," सर्जेराव उठले. "तवा दुखवट्याला येता आलं न्हाई, ते मनात हाय. उठ रं दत्ता." त्यांनी पिशवीतून टॉवेल-टोपी काढली आणि भाच्याच्या खांद्यावर ठेवली.

हिरवा काठ. मोराची नक्षी. लाल चिंधी.

आजी उंबऱ्यातून पुढं आली. तिनं टॉवेल हातात घेतला, गाठ डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाली, "सर्जा, हे कुठनं आणलंस?"

"दुकानातनं," सर्जेराव पटकन म्हणाले.

"दुकानदार माजं लुगडं नेसतो व्हय? ही चिंधी माजी हाय. गाठ माजी हाय. म्याच तुला दिल्याला टावेल हाय ह्यो, पोराचं लगीन ठरलं तवाचा!"

मांडवात हसू फुटलं. सर्जेराव कान खाजवू लागले. "तरी म्हनलं, वळखीचा का वाटतोय! पर आक्का, शपथ, म्या त्यो लग्नात पोपटला दिला हुता."

"मला दिला ह्ये खरंय," पोपट म्हणाला. "म्या दौंडला साडूला दिला, बारशात."

"आन् साडू आमच्या वळखीचा, त्यानं औंदा वास्तुशांतीला मला दिला!" सर्जेरावांनी हात जोडले. "कोविडनं ध्यानच ऱ्हात न्हाई ना."

"थांबा, थांबा," पोपटच्या डोक्यात काहीतरी चमकलं. तो बोटं दुमडू लागला. "सर्जामामा आधी पडलं. मग मी. मग साडू. आयला! ह्यो टावेल ज्याच्या घरी गेला, त्यो आडवा झाला की! म्हंजी मी रांगेत उगाच नाव घेतो. ह्या टावेलानंच समद्यांना..."

तांब्या खाली पडला. पाणी मांडवभर पसरलं.

"मी केलं!" राजनंदिनी ओरडली. "मी नाक पुसलं त्याला! मला सर्दी हुती. मी टोक आत घातलं. मामांना, काकांना माझ्यामुळं झालं. आन् आबांना बी. आबा माझ्यामुळं गेले!"

पान तोंडातल्या तोंडात राहिलं.

पहिला बोलला तो दत्ता. त्यानं मुलीचे दोन्ही खांदे धरले. "येडी का गं तू? तुजं नाक वाहायच्या आधी मला ताप हुता. कंपनीत रजा मिळंना. गोळी खाऊन जात हुतो, बसमधी समदे खोकत हुते. घरी कुणाला बोललो न्हाई. आबांच्या ताटात जेवलो मी. माझ्यामुळं गेले आबा. रोज वाटतं मला."

शितलनं चटकन त्याच्याकडे बघितलं. तिलाही हे आज पहिल्यांदाच कळत होतं.

"तुजा ताप ऱ्हाऊ दे रं," पोपट भसकन म्हणाला. त्याच्या आवाजातली थट्टा कुठल्या कुठं गेली होती. "रांगेचं म्या खोटं सांगतो. लोकांना हसवाया. आबा आन् मी, एकाच हातावरची तंबाखू खायचो, रोज डेअरीच्या ओट्यावर. त्या दिवशी अंग मोडून आलं हुतं, तरी मळली आन् दिली. म्हनलं, न्हाई दिली तर आबांना वाईट वाटंल."

"तुमच्या चिमटीनं काय हुतंय?" सर्जेराव उसळले. "लग्नाला यिऊ नगा म्हनलं असतं तर? मीच हट्टानं नेलं दाजींना. मांडवात अगदी शेजारी बसवलं. कसला एसी आन् कसलं पुणं! आन् हितनं जाताना मिठी मारली ती येगळीच. घसा तवाच धरला हुता माजा."

"मामा, माझा ताप आधीचा हाय!"

"आरं पर तंबाखू थेट तोंडात जाती!"

"आन् मिठी? मिठी काय वाऱ्यावर जाती?"

बाळांनो, लोक चांगल्या गोष्टीवर हक्क सांगताना तुम्ही पुष्कळदा बघितले असतील. पण त्या मांडवात तीन मोठी माणसं एका दुःखावर हक्क सांगत भांडत होती, प्रत्येकजण ते आपल्याकडे ओढत होता, आणि तिघांच्याही डोळ्यांत पाणी होतं. खरं काय झालं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. हवा कुणाच्या श्वासातून कुणाकडे गेली, हे ती सांगून जात नाही.

"गप बसा समदी," आजी म्हणाली.

ती हळूच खाली बसली. टॉवेल तिच्या मांडीवर होता. "नंदे, हिकडं ये. ही गाठ बघ. कुणी सोडलीया का?"

राजनंदिनीनं नाही म्हणून मान हलवली.

"माजी गाठ हाय. जशीच्या तशी. सर्जानं सोडली न्हाई, पोपटनं सोडली न्हाई, दौंडकरांनी बी न्हाई. मोप फिरला, पर कुणी ह्येला तोंडाला लावला न्हाई, अंगाला लावला न्हाई. आतलं टोक आतच ऱ्हायलं. आता तूच सांग, कुणाला कसा हुईल ह्येच्यानं?" आजीनं मांडवाकडे नजर फिरवली. "हितं बसल्याली समदी एकजात चिकट! चार वर्सांत ह्या टावेलाचा उपेग केला, तो एकट्या माज्या नातीनं!"

पोपटला हसू आलं आणि हसता हसता त्यानं डोळे पुसले, बाहीनं.

"म्हणून तू लांब निजतीस व्हय गं?" आजीनं विचारलं. "मला वाटलं..."

मग आजी कुणाकडेच न बघता म्हणाली, "कुणामुळं झालं ते देवाला ठावं. त्ये माज्या हातात न्हवतं. पर जाताना त्यांनी टावेल मागितला हुता. आयुष्यात एकदाच मागितला. कपाट भरल्यालं हुतं. म्या फाटका दिला." तिचा हात चिंधीवरून फिरत राहिला. "ह्ये मातर माज्याच हातात हुतं."

यावर कुणी हक्क सांगितला नाही. सर्जेराव पुढं झाले आणि नुसते बहिणीशेजारी जमिनीवर बसले. दत्तानं आईच्या खांद्यावर हात ठेवला.

राजनंदिनीनं आजीच्या मांडीवरून टॉवेल उचलला. गाठ बोटांनी निघेना, म्हणून तिनं ती दातांनी सोडवली. लाल चिंधी खाली पडली, टोपी बाजूला झाली आणि टॉवेल पहिल्यांदाच पूर्ण उघडला. आतल्या टोकाला जांभळा डाग होता, तिच्या तेव्हाच्या बोटांएवढा.

"अगं, आहेराचा..." सवयीनं आजीच्या तोंडून निघालं.

राजनंदिनीनं ऐकलं नाही. ती रांजणाकडे गेली, टॉवेल पाण्यात बुडवला, पिळला आणि परत येऊन आजीसमोर गुडघ्यांवर बसली. तिनं आजीचं कपाळ पुसलं, गाल पुसले, सुरकुत्यांत साचलेलं पाणी पुसलं. आजी डोळे मिटून बसून राहिली. मग आजीच्या कुशीत डोकं खुपसून, त्याच टॉवेलचं जांभळं टोक हातात धरून, राजनंदिनीनं अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं जोरात नाक शिंकरलं.